लंडनच्या उपनगरी बरोंमधलं सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता (१९३० ते १९६५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन परिसरातल्या आरोग्य अधिकाऱ्यांचे १८४८ ते १९७२ या काळातले साडेपाच हजारांहून अधिक वार्षिक अहवाल वेलकम ग्रंथालयाने 'लंडन्स पल्स' या नावाने सर्वांसाठी खुले केले आहेत. मी ते वाचते आणि त्यावर लिहिते हे कळल्यापासून वाचकांचे प्रश्न येत असतात. काही सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांचे असतात, काही हॅरो, वेम्बली, क्रॉयडनकडे जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उपनगरी बरो म्हणजे काय? तो लंडन महापालिकेचाच भाग नव्हता का?

नव्हता. १८८९ ते १९६५ या काळात 'काउंटी ऑफ लंडन' म्हणजे फक्त आतलं शहर. त्याच्या बाहेर मिडलसेक्स, सरे, एसेक्स आणि केंट या काउंट्या (जिल्ह्यासारखे विभाग) सुरू होत. लोकवस्ती वाढली की तिथल्या गावांना आधी अर्बन डिस्ट्रिक्टचा आणि मग सनद मिळून म्युनिसिपल बरोचा दर्जा मिळे. ईलिंगला तो १९०१ मध्ये मिळाला, विल्सडेनला १९३३ मध्ये, टॉटनहॅमला १९३४, साउथॉलला १९३६, वेम्बलीला १९३७, डॅगनहॅमला १९३८ आणि हॅरोला थेट १९५४ मध्ये. प्रत्येक बरोला आपला महापौर, आपली कौन्सिल आणि आपला आरोग्य विभाग असे. शाळा, मोठे रस्ते अशी काही कामं काउंटीकडे राहत.

क्रॉयडनचा दर्जा वेगळा होता. तो काउंटी बरो असल्यामुळे काउंटीची कामंही तोच करत असे. प्रश्न ७ वाचताना हे ध्यानात ठेवा.

१ एप्रिल १९६५ रोजी यांतले बहुतेक बरो एकमेकांत विलीन झाले आणि ग्रेटर लंडनचे ३२ बरो तयार झाले. विल्सडेन आणि वेम्बली मिळून ब्रेंट झाला. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिलमधली वास्तू जुन्या विल्सडेनच्या हद्दीत येते. त्या परिसराची माहिती हवी असेल तर १९६५ पूर्वीचे अहवाल 'ब्रेंट' या नावाखाली शोधू नका, 'विल्सडेन' शोधा.

२. मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ (आरोग्य अधिकारी) रुग्ण तपासत असत का?

सहसा नाही. ते डॉक्टर असत, सार्वजनिक आरोग्याची वेगळी पदविका घेतलेले असत, पण त्यांचा रुग्ण म्हणजे अख्खा बरो. पाणी, गटारं, घरं, अन्न, साथी या सगळ्यावर लक्ष ठेवायचं आणि वर्षाच्या शेवटी कौन्सिलपुढे लेखी अहवाल ठेवायचा, हे त्यांचं काम.

त्यांच्या नोकरीला कायद्याचं संरक्षण होतं. मंत्र्यांच्या संमतीशिवाय कौन्सिल त्यांना काढू शकत नसे. हे कलम मला फार मोलाचं वाटतं. भाड्याच्या घरांचे मालक कौन्सिलवरच निवडून आलेले असण्याची शक्यता नेहमीच असे, आणि त्यांच्याच घरांना 'राहण्यास अयोग्य' ठरवायचं काम या अधिकाऱ्याचं होतं.

या पदाची ओळख आपल्यालाही जुनी आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही आरोग्य अधिकाऱ्याचं पद आहे. इंग्लंडमध्ये मात्र १९७४ च्या आरोग्यसेवेच्या फेररचनेत ते रद्द झालं.

३. सॅनिटरी इन्स्पेक्टर कुणाच्याही घरात शिरू शकत होता का?

१९३६ च्या पब्लिक हेल्थ ॲक्टने त्याला प्रवेशाचा अधिकार दिला होता, पण राहत्या घरासाठी २४ तास आधी सूचना देणं बंधनकारक होतं. मालकाने अडवलं तर मॅजिस्ट्रेटकडून वॉरंट आणावं लागे.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा लोकच त्याला बोलावत. छत गळतंय, भिंतीला ओल आहे, शेजाऱ्याची मोरी तुंबली आहे, अशा तक्रारी असत. तो येऊन पाहणी करी. गटार फुटल्याचा संशय असेल तर पाइपात धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघे, किंवा रंगीत पाणी सोडून ते कुठे उगवतं ते तपासे. मग मालकाला आधी साधं पत्र जाई. त्याने दुरुस्ती केली नाही तर कायदेशीर नोटीस आणि त्यानंतर कोर्ट.

अहवालांत या नोटिसांचे तक्ते असतात आणि वाचक ते ओलांडून पुढे जातात. तसं करू नका. साध्या पत्रावर किती कामं झाली आणि कोर्टापर्यंत किती गेली, या दोन आकड्यांत त्या बरोचा कारभार दिसतो. कोर्टाचा आकडा लहान असेल तर विभाग ढिला होता असं लगेच ठरवू नका. पुष्कळदा इन्स्पेक्टर चिवट होता आणि मालक त्याला ओळखून होते, हे त्यामागचं कारण असे.

१९५६ च्या कायद्याने याच माणसाचं पदनाम 'पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर' झालं. त्या वर्षानंतरच्या अहवालांत जुनं नाव सापडत नाही म्हणून गोंधळू नका.

४. १९३० च्या दशकातली घरं तर नवीकोरी होती. मग सांडपाण्याचा एवढा प्रश्न का झाला?

घरं नवी होती आणि त्यांच्यासाठी असलेली व्यवस्था खेड्यांच्या मापाची होती, म्हणून. डॅगनहॅमची लोकसंख्या १९२१ मध्ये सुमारे ९ हजार होती, ती १९३१ मध्ये ८९ हजारांवर गेली, कारण लंडन काउंटी कौन्सिलने आतल्या शहरातल्या कुटुंबांसाठी तिथे बेकनट्री ही अवाढव्य वसाहत बांधली. मिडलसेक्सची लोकसंख्या त्याच दहा वर्षांत साडेबारा लाखांवरून सोळा लाखांच्या पुढे गेली. भुयारी रेल्वे जिकडे पोचे तिकडे शेतं जाऊन जोडघरांच्या रांगा उभ्या राहत.

पश्चिम मिडलसेक्समध्ये प्रत्येक गावाचं आपलं छोटं मैलापाणी केंद्र होतं. कुणी ते पाणी शेतात सोडी, कुणी ओढ्यात. पाचशे घरांसाठी बांधलेल्या केंद्रावर पाच हजार घरांचा भार आला की ओढा काळा पडे, आणि ओढा पुढे शेजारच्या बरोतून वाहत असे. एकट्या बरोला हे सोडवता येण्यासारखं नव्हतं.

शेवटी मिडलसेक्स काउंटी कौन्सिलने हे काम हाती घेतलं. जॉन डी. वॉटसन या अभियंत्याच्या आराखड्यानुसार सगळं मैलापाणी मोठ्या वाहिन्यांनी आयझलवर्थजवळच्या मॉगडेन केंद्रात आणलं गेलं. १९३६ मध्ये ते सुरू झालं आणि त्याने २८ छोटी केंद्रं बंद केली. मॅंचेस्टरमध्ये १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेली सक्रिय गाळाची पद्धत इथे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. टाक्यांत हवा खेळवायची, म्हणजे जिवाणू घाण खातात आणि त्यांचाच गाळ पुढच्या पाण्यात पुन्हा वापरता येतो. उरलेला गाळ कुजवून निघणाऱ्या वायूवर केंद्राची इंजिनं चालत.

मग तो गाळ पाइपातून कित्येक मैल लांब पेरी ओक्स इथे नेऊन वाळवला जाई. पेरी ओक्सच्या त्याच जागेवर आज हीथ्रोचं पाचवं टर्मिनल उभं आहे. मुंबईहून येणारे कितीतरी मराठी प्रवासी तिथेच उतरतात.

५. सगळ्या घरांत संडास आणि न्हाणीघर होतं का?

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधलेल्या घरांत बहुतेक होतं, आणि जाहिरातीत तेच ठळक छापलं जाई. पण प्रत्येक उपनगराच्या मध्यभागी जुनं गाव होतं. तिथल्या व्हिक्टोरियन चाळवजा घरांत संडास मागच्या अंगणात असे, आंघोळ स्वयंपाकघरात पत्र्याच्या टबात होई, किंवा आठवड्यातून एकदा बरोच्या सार्वजनिक स्नानगृहात. बरोच्या कडेला मोठी वाहिनी न पोचलेल्या घरांना सेसपूल म्हणजे बंद मैलाटाकी होती. ती उपसायला कौन्सिलची टाकीगाडी येई.

युद्धानंतरच्या तात्पुरत्या घरांबद्दलही विचारलं जातं. १९४४ च्या योजनेतून दीड लाखाहून अधिक 'प्रीफॅब' घरं उभी राहिली. ती दहा वर्षांसाठीच होती, पण त्यांत आतला संडास, बसवलेला टब, गरम पाणी आणि बहुतेकांत फ्रिजही होता. बॉम्बने घर गमावलेल्या अनेक कुटुंबांना आयुष्यात पहिल्यांदा असं न्हाणीघर मिळालं ते या 'तात्पुरत्या' घरात. कौन्सिल ती पाडायला निघाली तेव्हा रहिवाशांनी विरोध केला, तो या सोयींसाठीच.

६. पिण्याचं पाणी कोण पुरवत असे?

बहुतेक भागांत मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्ड. थेम्स आणि ली नद्यांचं पाणी साठवून, वाळूतून गाळून, क्लोरिन घालून ते दिलं जाई. क्लोरिनचा वापर तिथे पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये सुरू झाला. काही भागांना खाजगी कंपन्या पाणी देत. क्रॉयडनसारख्या बरोचे स्वतःचे चुनखडीतले खोल झरे आणि विहिरी होत्या. चुनखडीचं पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ, आणि तिथेच लोक बेसावध राहिले.

७. क्रॉयडनची टायफॉईडची साथ नेमकी कशी आली?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि ही गोष्ट जितके लोक वाचतील तितकं बरं असं मला मनापासून वाटतं, म्हणून उत्तर लांब आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरअखेर दक्षिण क्रॉयडनमध्ये टायफॉईडचे रुग्ण सापडू लागले. वस्ती सुखवस्तू होती, घरं चांगली, संडास आतले. सुरुवातीला दूध, शिंपले, आइस्क्रीम यांवर संशय गेला. रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडल्यावर मात्र बहुतेक सगळे ॲडिंग्टनच्या विहिरीच्या पुरवठ्यात येतात हे उघड झालं.

त्या विहिरीत दुरुस्तीचं काम सुरू होतं. मजूर खाली उतरून चुनखडीतल्या बोगद्यांत काम करत होते, आणि त्या काळातही विहिरीचं पाणी लोकांच्या नळांना जात राहिलं. मजुरांपैकी एकाला पूर्वी टायफॉईड होऊन गेला होता. तो धडधाकट दिसत होता, पण त्याच्या शरीरातून जंतू बाहेर पडत होते. आणि नेमकं त्याच वेळी पाणी गाळणं आणि क्लोरिन घालणं बंद होतं. विहिरीतलं काम, रोगवाहक मजूर आणि शुद्धीकरणाचा अभाव या तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या. यांतली एक जरी टळली असती तरी अनर्थ टळला असता.

३४१ जणांना टायफॉईड झाला आणि ४३ जण दगावले. त्या काळी टायफॉईडवर प्रतिजैविक नव्हतं. चांगली शुश्रूषा करायची आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहायची, एवढंच हातात होतं.

रहिवाशांनी समिती स्थापन करून चौकशीचा आग्रह धरला आणि सरकारने जाहीर चौकशी नेमली. त्या चौकशीत बाहेर आलेली सर्वांत दुःखद बाब जंतूंची नव्हती. पाणीपुरवठा अभियंत्यांच्या विभागाकडे होता आणि आरोग्याची जबाबदारी आरोग्य अधिकाऱ्यांकडे. विहिरीत माणसं उतरली आहेत हे एका विभागाला माहीत होतं आणि दुसऱ्याला कुणी कळवलं नव्हतं. दोन्ही विभाग एकाच कौन्सिलचे. क्रॉयडनचा आरोग्य विभाग चांगला होता, प्रयोगशाळेची सोय होती, माणसं शिकलेली होती. तरीही ४३ माणसं गेली, कारण एक निरोप दिला गेला नाही.

यानंतर पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या माणसांची आधी तपासणी करणं, विहिरीत काम चालू असताना तिचं पाणी पुरवठ्यातून काढून घेणं आणि सर्व सार्वजनिक पाण्याला क्लोरिन देणं, याबाबत देशभर कडक धोरण आलं.

८. क्रॉयडनच्या रुग्णांना नुकसानभरपाई मिळाली का?

हो. १९३८ मध्ये एका करदात्या बापाने आजारी पडलेल्या मुलीसह कौन्सिलवर दावा लावला आणि कोर्टाने कौन्सिलला जबाबदार धरलं. त्यातली एक मेख कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. शुद्ध पाणी पुरवण्याचं जे वैधानिक कर्तव्य होतं त्याच्या भंगाचा दावा फक्त पाणीपट्टी भरणाऱ्याला, म्हणजे बापाला, करता येत होता. मुलगी करदाती नसल्याने तिला हलगर्जीपणाच्या सर्वसाधारण तत्त्वावर न्याय मिळाला. तेच दूषित पाणी प्यायलेल्या एकाच घरातल्या दोघांना हक्क मात्र दोन वेगळ्या वाटांनी मिळाला.

९. संसर्गजन्य रोग झाला की काय होत असे?

डॉक्टरने नाव-पत्त्यासह आरोग्य अधिकाऱ्यांना कळवायचं, हे कायद्याने बंधनकारक होतं. स्कार्लेट फीवर, घटसर्प, टायफॉईड, देवी, पोलिओ, क्षय असे रोग या यादीत असत. मग इन्स्पेक्टर घरी येई, मूल बहुधा आयसोलेशन रुग्णालयात हलवलं जाई, भावंडांची शाळा बंद होई. गाद्या-पांघरुणं कौन्सिलच्या वाफेच्या यंत्रात निर्जंतुक होऊन परत येत. आजाऱ्याच्या हाताळणीतलं ग्रंथालयाचं पुस्तक परस्पर परत करायला १९३६ च्या कायद्याने मनाई होती. ते आधी निर्जंतुक तरी होई, नाहीतर जाळून टाकलं जाई.

या रुग्णालयांत आईबापांना भेटीची मुभा फार थोडी असे, पुष्कळदा काचेपलीकडूनच. अहवालांत याबद्दल एक ओळही सापडत नाही, आणि अहवाल वाचताना ही उणीव मला सारखी जाणवते. चार वर्षांच्या मुलाला सहा आठवडे आई दिसत नाही, ही गोष्ट तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

१०. लसींमुळे खरंच फरक पडला, की राहणीमान सुधारल्यामुळे?

रोगागणिक उत्तर बदलतं. स्कार्लेट फीवर लसीशिवायच सौम्य होत गेला. क्षयाचे मृत्यू आधीपासून उतरत होते, १९४०च्या दशकाअखेर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आल्यावर ते झपाट्याने घसरले.

घटसर्पाच्या बाबतीत मात्र लसीचं श्रेय निर्विवाद आहे. १९४० मध्ये ब्रिटनभर ६१ हजारांहून अधिक रुग्ण आणि ३,२८३ मृत्यू नोंदले गेले. युद्धकाळात राष्ट्रीय लसीकरण मोहीम सुरू झाली आणि १९५७ मध्ये ३८ रुग्ण आणि ६ मृत्यू एवढेच उरले. याच काळात बॉम्ब पडत होते, घरं दाटीची होती, रेशन होतं. राहणीमान सुधारलं म्हणून घटसर्प गेला असं या वर्षांबद्दल म्हणता येत नाही.

पोलिओची भीती उलट १९४७ च्या मोठ्या साथीनंतर वाढली. उन्हाळा आला की जलतरण तलाव बंद करायचे का, यावर कौन्सिलांत वाद होत. लस १९५६ मध्ये आली तेव्हा साठा अपुरा होता आणि १९४७ ते १९५४ दरम्यान जन्मलेल्या मुलांचीच नावं घेतली गेली. तरुणांनी लशीकडे पाठ फिरवली होती. १९५९ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडकडून खेळलेला फुटबॉलपटू जेफ हॉल पोलिओने गेला आणि लसीकरण केंद्रांबाहेर तरुणांच्या रांगा लागल्या.

११. दूध आणि आइस्क्रीमवर एवढा भर का दिसतो?

दुधातून गाईचा क्षय मुलांना होई. १९४९ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने एकेका भागात पाश्चरीकृत, निर्जंतुक किंवा क्षयमुक्त म्हणून तपासलेल्या गाईंचंच दूध विकण्याची सक्ती झाली.

आइस्क्रीमचं कारण वेल्समधल्या ॲबरिस्टविथचं. १९४६ मध्ये तिथे रोगवाहक विक्रेत्याच्या आइस्क्रीममुळे २०० हून अधिक लोकांना टायफॉईड झाला. पुढच्याच वर्षी नियम आले: मिश्रण १५० अंश फॅरनहाइटला ३० मिनिटं किंवा १६० अंशांना १० मिनिटं तापवायचं आणि लगेच थंड करायचं. इन्स्पेक्टर गाडीवरून नमुने उचलत आणि मेथिलीन ब्लू या रंगद्रव्याच्या चाचणीने त्यांना एक ते चार अशी प्रत मिळे. पुढे १९५५ च्या अन्नस्वच्छता नियमांनी उपाहारगृहांत हात धुण्याचं बेसिन आणि गरम पाणी सक्तीचं केलं.

१२. घरचा कचरा कसा असायचा? आजच्यासारखाच?

अजिबात नाही. निम्म्याहून अधिक भाग शेगडीची राख आणि अर्धवट जळलेला कोळसा, म्हणून डबे पत्र्याचे असत. प्लास्टिक जवळजवळ नव्हतं. बरेच बरो त्या कचऱ्याने जुन्या वाळू-खडीच्या खाणी भरून काढत. मंत्रालयाची सूचना अशी होती की थर सहा फुटांहून जाड नको आणि त्यावर निदान नऊ इंच माती पसरायची, म्हणजे माश्या आणि उंदीर होत नाहीत.

युद्धात रस्त्याच्या कोपऱ्यांवर उष्ट्या-खरकट्यासाठी वेगळे डबे आले. टॉटनहॅम बरोने ते गोळा करून, शिजवून डुकरांचं खाद्य बनवलं आणि 'टॉटनहॅम पुडिंग' हे नाव दूरवर गेलं. युद्ध संपल्यावरही हे काम बरीच वर्षं चाललं. ओला कचरा वेगळा करण्याची सवय लोकांना लागत नाही असं आज म्हटलं जातं. टॉटनहॅमच्या गृहिणींनी ती लावून घेतली होती, कारण वेगळा काढलेला कचरा खरोखर कुठे जातो हे त्यांना दिसत होतं.

धुराचा कायदा आल्यावर (प्रश्न १४) राख घटली, कागद आणि डबे वाढले. वजन कमी झालं पण आकारमान फुगलं, आणि कौन्सिलांना दाबयंत्राच्या गाड्या घ्याव्या लागल्या.

१३. ढेकूण, खरूज, उंदीर यांचं काय करत?

जुन्या वस्तीतून नव्या घरात जाणाऱ्या कुटुंबाचं सामान बंद गाडीत हायड्रोजन सायनाइडची धुरी देऊन मगच आत नेत. हा वायू जीवघेणा, म्हणून १९३७ मध्ये त्यावर वेगळा कायदा झाला. युद्धानंतर डीडीटीने ती गरज संपवली. खरूज युद्धकाळात इतकी फैलावली की १९४१ च्या विशेष आदेशाने घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि उपचार करण्याचे अधिकार दिले गेले. बेंझिल बेंझोएटचं औषध अंगभर लावायचं. उंदरांसाठी १९४९ चा कायदा आणि पन्नाशीच्या दशकात वॉरफरिन हे विष.

१४. धुकं-धुराचं संकट शहराचं होतं ना? उपनगरांत तर मोकळी हवा होती.

घर विकणारे असंच सांगत. पण जोडघराच्या प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी, आणि अशी घरं लाखोंनी. ५ ते ९ डिसेंबर १९५२ च्या धुक्यात थंड हवा जमिनीलगत अडकली आणि हा सगळा धूर तिच्यात साठला. त्या वेळचा अंदाज ४ हजार जादा मृत्यूंचा होता. पुढच्या अभ्यासांनी तो १२ हजारांपर्यंत नेला. त्याच महिन्यात हलक्या प्रतीचा 'नटी स्लॅक' कोळसा रेशनमुक्त झाला होता.

सरकारने नेमलेल्या बीव्हर समितीच्या शिफारशींवरून १९५६ चा क्लीन एअर ॲक्ट आला. बरोने रस्त्यांचा एक भाग धूरनियंत्रित जाहीर करायचा. तिथल्या घरांनी कोक किंवा धूररहित इंधन, गॅस नाहीतर वीज वापरायची. शेगडी बदलण्याच्या वाजवी खर्चाचे ४० टक्के सरकार, ३० टक्के बरो आणि उरलेले ३० टक्के मालक देई. कायदा यशस्वी झाला त्यात या विभागणीचा वाटा फार मोठा आहे. नुसती बंदी घातली असती तर गरीब घरांत आधी थंडी शिरली असती. तरी काम रस्त्यागणिक आणि वर्षानुवर्षं चाललं, आणि १९६२ च्या डिसेंबरात पुन्हा एकदा तसंच धुकं आलं.

१५. १९४८ नंतरचे अहवाल अचानक बारीक का झाले? पानं गहाळ आहेत का?

पानं गहाळ नाहीत. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. बरोची रुग्णालयं प्रादेशिक मंडळांकडे गेली आणि माता-बाल केंद्रं, दाया, लसीकरण ही कामं काउंटी कौन्सिलकडे. बरोकडे गटारं, घरं, अन्न, धूर, साथींचा शोध एवढं राहिलं. म्हणून १९४८ नंतर बालकांच्या केंद्रांची माहिती हवी असेल तर मिडलसेक्स किंवा सरे काउंटीचे अहवाल उघडा. क्रॉयडन याला अपवाद, कारण प्रश्न १ मध्ये दिलं आहे.

१६. माझ्या बरोचा मृत्यूदर शेजारच्यापेक्षा जास्त दिसतो. तो अधिक अनारोग्यकारक होता का?

तेवढ्यावरून ठरवू नका. निवृत्तांची वस्ती असलेल्या बरोत मृत्यू जास्त होणारच आणि तरुण जोडप्यांच्या वसाहतीत कमी. म्हणून जन्म-मृत्यूंच्या नोंदी ठेवणारा रजिस्ट्रार जनरल प्रत्येक बरोसाठी एक तुलना-गुणक देत असे. कच्च्या दराला त्याने गुणून मगच शेजाऱ्याशी तुलना करा. रुग्णालयाबद्दलची शंकाही येते: बरोत मोठं रुग्णालय असलं तरी तिथे मेलेल्या बाहेरच्या माणसाचा मृत्यू त्याच्या राहत्या ठिकाणी वर्ग केला जाई.

बालमृत्यूदर त्यामानाने भरवशाचा, पण एका बरोत वर्षाला जन्म थोडे. दोन-चार बालकांच्या मृत्यूने दर उसळतो. पाच वर्षांची सरासरी काढा आणि देशाच्या आकड्याशेजारी ठेवा: इंग्लंड आणि वेल्समध्ये तो १९५० मध्ये दर हजारी सुमारे ३० आणि १९६० मध्ये सुमारे २२ होता.

१७. 'कलम ४७ खाली हलवलं' अशी नोंद दिसते. कुणाला, कुठे?

१९४८ च्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टचं हे कलम. गंभीर आजारी, किंवा वृद्ध आणि दुबळी, अस्वच्छ अवस्थेत राहणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी आणि दुसऱ्याकडूनही ती न मिळणारी व्यक्ती आरोग्य अधिकाऱ्यांच्या दाखल्यावर कोर्टाच्या आदेशाने रुग्णालयात किंवा आश्रमात हलवता येई, तिची इच्छा नसली तरी. सात दिवसांची सूचना आणि एका वेळी जास्तीत जास्त तीन महिने, अशी तरतूद होती. १९५१ च्या दुरुस्तीने तातडीच्या वेळी सूचनेशिवाय, एका मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने, तीन आठवड्यांपर्यंत नेण्याची मुभा दिली.

ती व्यक्ती वेडी नसे, गुन्हेगार नसे, रोग पसरवत असेलच असंही नाही. बऱ्याच अधिकाऱ्यांनी हे कलम हात आखडूनच वापरलं आणि आधी घरकामाला बाई, घरपोच जेवण, कपडे धुण्याची सोय करून पाहिली. माझ्या मते तोच योग्य क्रम होता. इंग्लंडमध्ये हे कलम २०१४ च्या केअर ॲक्टने रद्द केलं.

१८. आमचं घर १९३८ चं आहे. मागच्या अंगणाखालून शेजाऱ्यांचंही सांडपाणी जातं. ती वाहिनी कुणाची?

इथे एका तारखेने सगळा फरक पडतो. १९३६ चा पब्लिक हेल्थ ॲक्ट १ ऑक्टोबर १९३७ पासून लागू झाला. त्याआधी टाकलेली आणि एकाहून अधिक घरांचं सांडपाणी नेणारी वाहिनी सहसा सार्वजनिक ठरली, खाजगी जमिनीखाली असली तरी तिची देखभाल कौन्सिलकडे. त्यानंतर टाकलेली सामाईक वाहिनी कौन्सिलने रीतसर ताब्यात घेतली नसेल तर खाजगी राहिली, आणि ती तुंबली की रांगेतल्या सगळ्या घरांनी खर्च वाटून घ्यायचा. त्यामुळे एकाच रस्त्यावर १९३६ च्या घरांची वाहिनी कौन्सिलच्या देखभालीखाली आणि १९३८ च्या घरांची खाजगी, असं चित्र अनेक दशकं होतं.

१ ऑक्टोबर २०११ रोजी, सार्वजनिक जाळ्याला जोडलेल्या अशा सामाईक खाजगी वाहिन्या इंग्लंडमध्ये बहुतांशी पाणी-सांडपाणी कंपन्यांकडे वर्ग झाल्या. म्हणजे तुमची वाहिनी आता बहुधा कंपनीची आहे. फक्त तुमच्याच घराचं पाणी नेणारा, तुमच्या हद्दीतला पाइप मात्र तुमचाच. मागे खोली वाढवायचा विचार असेल तर आधी कंपनीला विचारा, कारण सार्वजनिक वाहिनीवर किंवा तिच्या लगत बांधायला तिची संमती लागते. कंपनीच्या नकाशात २०११ मध्ये वर्ग झालेल्या सगळ्याच वाहिन्या दाखवलेल्या नसतात. बरोच्या जुन्या इमारत-परवान्यांसोबत मूळ गटार-नकाशा जोडलेला असे, आणि तो स्थानिक अभिलेखागारात मिळण्याची शक्यता असते.